मेकअपचे ब्रश आणि स्पंज : गोव्याच्या दमट हवेत तुम्ही कसे धुता, कसे सुकवता?

धागा काढणारी, पणजी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे धुतलेली चादर धड वाळत नाही, तिथे दाट केसांचा पावडर ब्रश कधी वाळायचा? ब्रश धुण्याच्या सूचना हव्या तितक्या मिळतात. पण त्यांतल्या बहुतेक "रात्री टॉवेलवर पसरा, सकाळी तयार" इथेच संपतात. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. त्या दिवसांत सकाळी ब्रशच्या केसांत खोल बोट घातलं की बुडाशी गारवा लागतोच.

अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी, ब्रश दर 7 ते 10 दिवसांनी धुवायला सांगते. ते बरोबरच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्या हवेत खरं काम धुतल्यानंतर सुरू होतं. अर्धवट सुकलेला ब्रश पाऊचमध्ये बंद करणं मला न धुतलेल्या ब्रशपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण ओल आणि अंधार मिळाला की बुरशीला आणखी काही लागत नाही.

घरच्यापुरता मेकअप करणाऱ्या, व्यवसाय करणाऱ्या, नाटकात, काल्यात, शिगम्यात रंग लावणारे, सगळ्यांनी या चर्चेच्या धाग्यावर लिहा. कशाने धुता, कुठे वाळवता आणि टाकून कधी देता, हे नक्की सांगा.

म्हापसा, नववधूंचा मेकअप करते

ताई, चांगला विषय काढलात. तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम सुरू होतो तो थेट मे अखेरपर्यंत. सकाळी एक मुहूर्त, संध्याकाळी कुठेतरी रिसेप्शन. त्यामुळे ब्रशचे दोन पूर्ण संच ठेवल्याशिवाय हा व्यवसाय करू नये असं मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. एक संच वाळत असताना दुसरा हातात. ओला ब्रश वापरायची वेळच येऊ द्यायची नाही.

घरी आल्यावर आधी ब्रश दोन गटांत वेगळे करते. बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे एका बाजूला, नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे दुसऱ्या बाजूला. नैसर्गिक केसावर आपल्या केसासारखेच सूक्ष्म खवले असतात, म्हणून तो पावडर छान धरतो. पण कडक साबणाने तोच केस रखरखीत होतो. त्याला लहान मुलांचा सौम्य शाम्पू. कृत्रिम धागा गुळगुळीत, त्यामुळे फाउंडेशन, कन्सीलर, क्रीम ब्लश असं ओलसर काहीही त्याच्याकडे. त्याला भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंबही चालतो.

लग्नातला मेकअप पाण्याने हलू नये असाच असतो, मग तो ब्रशवरून तरी नुसत्या पाण्याने कसा जाणार? तळहातावर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घ्यायचे, ब्रश त्यात हलक्या हाताने गोल फिरवायचा, तेलात रंग सुटताना दिसतो. तो टिश्यूवर पुसायचा आणि मग शाम्पू. तेल पूर्ण निघेपर्यंत, म्हणजे फेस पांढरा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. पाणी कोमट, कढत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केसांचं टोक कायम खाली. केस जिथे धातूच्या नळीत बसवलेले असतात तिथे आत डिंक असतो. पाणी उलटं वर चढलं की तो डिंक हळूहळू सुटतो आणि मग नवरीच्या गालावर केस चिकटायला लागतात. लाकडी दांडा फुगतो, रंगाचे पापुद्रे निघतात, नळी डुगडुगते, तेही यानेच. धुतलेला ब्रश ग्लासात उभा करून ठेवलेला पाहिला की मी कोणाच्याही घरी उचलून आडवा करते.

वाळवताना टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपते, बोटांनी आकार देते आणि दोरीला चिमट्याने दांडा पकडून उलटे टांगते. केस खाली, पंखा चालू. कडक उन्हात ठेवत नाही, त्याने केस आणि दांड्याचा रंग दोन्ही खराब होतात. पावसाळ्यात एसी असलेली खोली असेल तर ड्राय मोडवर ठेवून तिथेच टांगते, फरक लगेच कळतो. हेअर ड्रायर लागलाच तर फक्त थंड हवेचा. गरम वाऱ्याने डिंक सैल पडतो आणि कृत्रिम धागे वाकडे होतात.

स्पंजचा नियम आणखी कडक. प्रत्येक नवरीला नवीन स्पंज, तिच्यासमोर पाकीट फोडून. काम झालं की तो तिलाच देऊन टाकते, रात्रीच्या टच-अपला उपयोगी पडतो. त्याचे पैसे मी पॅकेजमध्ये धरलेलेच असतात. एकीचा स्पंज धुऊन दुसरीला, हे माझ्याकडे होणार नाही.

फोंडा, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट

वरच्या ताईंनी धुण्याबद्दल इतकं नेमकं लिहिलंय की मी फक्त निर्जंतुक करण्याबद्दल लिहितो. दुकानात पार्लरच्या मुली आयसोप्रोपिल अल्कोहोल मागायला येतात आणि "सगळ्यात स्ट्राँग द्या" म्हणतात. मी त्यांना 70 टक्क्यांचंच देतो. 99 टक्क्यांचं लावल्या लावल्या उडून जातं. 70 टक्क्यांत जे पाणी असतं त्यामुळे अल्कोहोल पृष्ठभागावर जास्त वेळ राहतं आणि जंतूंच्या आतल्या प्रथिनांवर नीट काम करतं.

दुसरी गोष्ट, अल्कोहोल म्हणजे धुणं नव्हे. ब्रशवर तेल, पावडर, मृत त्वचा असेल तर त्या थराखालचे जंतू सुरक्षित राहतात. आधी साबण, मग पूर्ण सुकवणं, मग अल्कोहोलचा फवारा, आणि तेही वाळू द्यायचं. नैसर्गिक केसांवर रोज मारू नका, कोरडे पडतात. आणि समईजवळ, गॅसजवळ, पेटत्या उदबत्तीजवळ अजिबात नको. लग्नघरात तर या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत असतात!

पावसात डोळे येण्याची साथ असते तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे. डोळे आलेल्या व्यक्तीने काजळ, मस्करा, आयलायनर आणि स्पंज सरळ टाकून द्यावेत. डोळ्यांचे ब्रश नीट धुऊन निर्जंतुक करता येतात, पण डोळे पूर्ण बरे होईपर्यंत त्यांना हात लावू नये. रांजणवाडी झाली तरी हेच. बहिणी-बहिणींत काजळाची एकच पेन्सिल फिरते ते बंद करा.

मडगाव, कॉलेजात शिकते

स्पंजबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण आमच्या वयाच्या मुली ब्रशपेक्षा तोच वापरतात. इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाने 2019 मध्ये वापरात असलेली मेकअपची साधनं तपासली होती. लिपस्टिक, मस्करा, आयलायनर यांबरोबर ब्लेंडर स्पंजही. बहुतेक सगळ्यांत जंतू सापडले, पण सर्वांत जास्त स्पंजमध्ये. 93 टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते आणि 64 टक्के जमिनीवर पडूनही वापरात होते. हे वाचून माझ्या खोलीतल्या मुलींना मी सगळे स्पंज टेबलावर आणायला लावले होते.

स्पंज आपण ओला करूनच वापरतो, त्यात फाउंडेशन शिरतं, आतला भाग सगळ्यात शेवटी वाळतो. म्हणून मी वापरला की त्याच दिवशी धुते. पूर्ण भिजवायचा, अंगाचा साधा साबण लावून तळहातात दाबत राहायचं. पिळा मारायचा नाही, नखं लावायची नाहीत, फाटतो. वाहत्या पाण्याखाली दाबून नितळ पाणी येईपर्यंत धुवायचा. मग वाळायला चहाच्या गाळणीत ठेवते, त्यासाठी वेगळी गाळणी घेतलीय. चारही बाजूंनी वारा लागतो. तो ज्या अंड्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या डबीत विकत मिळतो त्यात परत कधीच ठेवू नका.

मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचा सल्ला फिरत असतो. कोरडा स्पंज आत गेला तर पेटू शकतो, हॉस्टेलमध्ये तर नकोच.

डिचोली, वडील नाटकांची रंगभूषा करायचे

आमच्याकडे हा विषय घरातलाच. जत्रेला गावोगाव मराठी नाटकं, एका रात्रीत वीस-पंचवीस चेहरे. पॅनकेकचा, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या वडीच्या रंगाचा, ओला स्पंज एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर जाणं त्या काळी सर्रास चालायचं. बाबांना ते पटत नसे. ते फोमची मोठी शीट आणून तिचे चौकोनी तुकडे कापायचे, प्रत्येक नटाला एक, आणि तुकड्यामागे पेनाने पात्राचं नाव. शिवाजी, जिजाऊ, औरंगजेब, हुजऱ्या. प्रयोग संपला की तुकडे कचऱ्यात. मंडळाचा खर्च वाढतो म्हणून कुरकुर व्हायची, बाबा ऐकायचे नाहीत.

दाढी-मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा ब्रश ते वेगळ्या बाटलीत ठेवत. तो पाण्याने धुऊन काही होत नाही, स्पिरिटमध्येच बुडवून गम सोडवावा लागतो आणि मग साबण. गम वाळून कडक झाला की केस तुटतात, म्हणून पडदा पडायच्या आधीच ते काम उरकायचं.

पेडणे, दशावतारी कलाकार

आम्ही आमचा रंग आम्हीच लावतो. ज्याची त्याची पेटी, ज्याचा त्याचा आरसा. दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा नाही ही शिस्त मोठ्यांनी घालून दिलीय, आणि आजच्या भाषेत तीच स्वच्छता. काल्याच्या दिवसांत रोज वेगळं गाव, पहाटे खेळ संपतो. खोबरेल तेल लावून रंग उतरवतो, भुवया आणि ओठांच्या बारीक ब्रशांनाही त्याच वेळी तेल लावून फडक्याने पुसतो. दुसऱ्या दिवशी मुक्कामावर साबण. पेटीचं झाकण दुपारभर उघडं ठेवतो. बंद पेटीत घाम आणि तेल यांचा कुबट वास धरतो तो पुढे जात नाही.

साखळी, प्राथमिक शाळेत शिक्षिका

शिगम्याच्या मिरवणुकीसाठी आणि स्नेहसंमेलनासाठी मुलांचे चेहरे रंगवायचं काम माझ्याकडे असतं. डिचोलीच्या ताईंच्या बाबांची पद्धत वाचून खूप बरं वाटलं, आम्हीही तुकडेच वापरतो. मुलांची त्वचा नाजूक. कुणाला नायटा, कुणाला ओठाजवळ फोड, कुणाच्या डोक्यात उवा. म्हणून रंगवायच्या आधी प्रत्येक चेहरा उजेडात नीट बघते आणि जखम असेल तर तिथे रंग नाही. पाण्याची वाटी सगळ्यांसाठी एकच ठेवत नाही, सारखी बदलते. रंगाच्या वडीवर थेट ब्रश न फिरवता थोडा रंग थाळीत काढून घेते. पालकांनी विचारलं तर हे सगळं दाखवायची माझी तयारी असते.

वास्को, घरापुरता मेकअप

समुद्र समोरच असल्याने खारा वारा. स्वस्त ब्रशांच्या धातूच्या नळीवर डाग येतात, पुढे चट्टे. धुतल्यावर नळी कोरड्या फडक्याने पुसायची, एवढंच. उन्हाळ्यात आमचं विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेव्हा शेवटचं खंगाळणं पिण्याच्या पाण्याने करते. केस मऊ राहतात.

काणकोण, गृहिणी

पावसात लाईट गेली की पंखाही नाही आणि एसीही नाही, त्याचं काय करायचं ते कुणी लिहिलं नाही. मी मोठे ब्रश जून-जुलैत धुते ते सकाळी लवकर आणि उघडीप दिसली तरच. एकावेळी तीन-चारच, सगळे एकदम नाही. वाळले असं वाटल्यावरही आणखी एक दिवस बाहेर राहू देते. मग डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. नवीन चपलांच्या खोक्यांतून निघतात त्या मी साठवते. मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा वर ठेवा.

धागा काढणारी, पणजी

काणकोणच्या वहिनी, एकावेळी थोडेच धुण्याची कल्पना फार उपयोगी आहे, मी ती उचलतेय.

टाकून देण्याबद्दल कमी लिहिलं गेलं, म्हणून माझं सांगते. स्पंज साधारण तीन महिन्यांनी बदलते आणि पावसाळ्यात त्याआधीच. धुऊनही वास राहिला, कडा फाटल्या, दाबल्यावर परत फुगेनासा झाला किंवा काळे ठिपके दिसले की लगेच. ठिपके वर दिसतात तेव्हा बुरशी आत गेलेली असते, वरून घासून ती निघत नाही. खात्री करायची असेल तर जुना स्पंज सुरीने मधोमध कापून बघा. ब्रश नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. केस सारखे गळायला लागले, टोचायला लागले किंवा नळी हलायला लागली की चेहऱ्यावरून तो निवृत्त. माझे तसे ब्रश धुऊन संगणकाच्या कीबोर्डमधली धूळ काढायला जातात.

नैसर्गिक केसांच्या ब्रशला पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून कोणी काही करत असेल तर लिहा. माझ्याकडे त्यावर अजून उत्तर नाही.