मदत हवी आहे: भावाच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, घरी खाणंपिणं आणि मूड कसा सांभाळायचा? (नागपूर)

मोठीताई_मानेवाडा:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या लहान भावाचं (वय २३) दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन झालं. खालचा जबडा वयात येताना पुढे पुढे वाढत गेला, समोरचे दात एकमेकांवर बसतच नव्हते, पोळीचा घास समोरून तोडता यायचा नाही त्याला, बाजूच्या दाढांनी ओढून खायचा. आधी दीडेक वर्ष तारा लावल्या, तारावाल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की फरक हाडात आहे, नुसत्या तारांनी भागणार नाही, म्हणून मग वरचा जबडा कापून पुढे घेतला आणि खालचा मागे, आत टायटॅनियमच्या प्लेटा आणि स्क्रू आहेत. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण डिस्चार्ज कार्डावर 'लिक्विड डाएट' आणि 'तोंडाची स्वच्छता राखणे' एवढं लिहून आम्हाला घरी धाडलं. लिक्विड म्हणजे काय, किती, कशाने पाजायचं, हे विचारलं तर सिस्टर म्हणाल्या दूध, ज्यूस, सूप काहीही द्या. काहीही!

आता दुसरा आठवडा चालू आहे. वरच्या-खालच्या तारांना रबर बँड अडकवलेत, तोंड जेमतेम बोटाचं नख जाईल इतकं उघडतं. सूज सुरुवातीला इतकी होती की डोळेसुद्धा बारीक झाले होते, आता बरीच उतरली. खालचा ओठ आणि हनुवटी मात्र पूर्ण बधिर. दूध ओठावरून ओघळतं ते त्याला कळतच नाही, मानेपर्यंत आलं की मग टॉवेल शोधतो. नाक चोंदलेलं, सकाळी वाकला की काळपट रक्ताचे एक-दोन थेंब पडतात, आई घाबरून देवापुढे बसते.

खाण्याचं सांगते. आई मुगाचं वरण शिजवते, मिक्सरमधून काढते, मग चहाच्या गाळणीतून गाळते, तरी कुठेतरी एखादं साल राहतंच आणि ते नेमकं तार आणि रबराच्या मध्ये जाऊन बसतं, मग भाऊ मोबाईलचा टॉर्च लावून आरशासमोर तेच काढत उभा, तोवर वाटीतलं थंड. बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने गालाच्या आतून सोडतो आम्ही, पण घाई केली की ठसका लागतो आणि ठसका लागला की टाके दुखतात, म्हणजे एका वाटीला पाऊण तास. गोडाचा तर वीट आलाय त्याला, केळ्याचा शेक, आंब्याचा शेक, खजुराचा शेक, चॉकलेटवाली प्रोटीन पावडर, आता शेक म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपतो. काल व्हॉट्सॲपवर मला फक्त 'तर्री' एवढं लिहून पाठवलं, खाली रडका इमोजी. वजन उतरून राहिलं, पँट कमरेवर थांबत नाही.

वरून आपला मे महिना. कूलरची हवा सरळ तोंडावर आली की ओठ फाटतात कारण श्वास तोंडानेच चालू आहे, बंद केला तर घामाने जीव जातो.

आणि खरं टेन्शन मूडचं आहे. ऑपरेशन त्याने स्वतः ठरवून केलं, महिनों महिने त्याचीच बडबड चालू होती, आणि आता खोलीतून बाहेर येत नाही, आरशावर टॉवेल टाकून ठेवला. सत्यनारायणाच्या प्रसादाला आल्यासारखे लोक येऊन राहिले, आमची एक नात्यातली मावशी त्याच्या तोंडावर म्हणाली, "अगं बाई, पहिलाच बरा दिसत होता की." त्या दिवसापासून त्याने कागदावर लिहून बोलणंही बंद केलं. मिहानमध्ये नोकरी आहे, महिन्याची सुट्टी मिळाली, ती संपायच्या आत हा माणसात येईल का कळत नाही.

तर कोणाचं हे ऑपरेशन झालं असेल, किंवा घरात कोणाचं केलं असेल, तर खारट-तिखट चवीचं पातळ काय देता येतं, सिरिंजपेक्षा बरं काही आहे का, दात कसे घासायचे, आणि हे गप्प बसणं नॉर्मल आहे का, जे माहीत असेल ते सांगा. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंच आहे, पण तोवर रोजचं तर निभवावं लागेल ना.

टायटॅनियम_अमरावती:

ताई, माझं हेच झालंय, दोन्ही जबडे, काही वर्षांपूर्वी. तुमची पोस्ट वाचून आईला वाचायला दिली, ती म्हणे हे तर आपलंच घर.

सिरिंज पहिले काही दिवस ठीक, पण त्यात दुसऱ्याच्या हातून खावं लागतं आणि माणूस त्यानेच अर्धा खचतो. सॉसची पिळायची बाटली येते ना लांब तोटीची, ती आणा, त्या तोटीवर मेडिकलमधून मऊ रबरी नळीचा छोटा तुकडा आणून बसवा आणि बाटली त्याच्या हातात द्या, त्याच्या वेगाने त्याला पिऊ द्या. स्ट्रॉ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ओढायला जोर लागतो आणि आत टाके आहेत. समोर पंचा, हातात छोटा आरसा, म्हणजे ओघळलं की दिसतं.

तीन वेळ जेवण हे विसरा. दर दीड-दोन तासांनी एक कप असं धरा. माझं पहिल्या महिन्यात चार-पाच किलो उतरलं होतं, नंतर सगळं भरून आलं, व्याजासकट. पाण्यासारखं पातळ वरण पाजून पोट भरतं पण ताकद येत नाही, त्यामुळे प्रत्येक खारट गोष्टीत तूप किंवा साय फेटून टाका, एक मोठा चमचा तूप म्हणजे शंभरावर कॅलरी गेल्या. पनीर गरम वरणात टाकून मिक्सरला फिरवलं तर कळतही नाही. टोमॅटोचं सार, दुधी-बटाट्याचं सूप, सातूचं पीठ ताकात कालवून मीठ-जिरं घालून, हे सगळं मी पिऊन काढलं. आपल्याकडची गोळ्याची कढी करा, त्याला कढी द्या गाळून, गोळे तुम्ही खा पण त्याच्यासमोर नको. नॉनव्हेज चालत असेल तर पायाचं सूप गाळून, कमी तिखट. संत्र्या-मोसंबीचा रस टाक्यांना झोंबतो, थोडे दिवस थांबा. तर्रीचं मलाही फार व्हायचं, पण टाके असताना ते तिखट तोंडात गेलं तर सिताबर्डीपर्यंत ओरडला असता, ओरडता आलं असतं तर.

मावशींचं सोडा. माझ्याही बाबतीत दुसरा आठवडाच सगळ्यात खराब गेला. पहिल्या आठवड्यात गुंगीत असतो, लोक कौतुक करतात, दुसऱ्यात गुंगी उतरते आणि आरशातला माणूस ओळखीचा नसतो. मी आईवर वाटी फेकली होती. सूज बहुतेक तीनेक आठवड्यांत उतरते पण चेहरा खरा कसा दिसणार ते कळायला काही महिने जातात, हे त्याला सांगा, आणि मावशीला तोवर फोटोही पाठवू नका.

गड्डीगोदाम_बॉय:

ताई एक विचारू का, राग नका मानू, तुमचा भाऊ खर्रा खातो का? कारण मित्र भेटायला येतात तेव्हा खिशात पुडी असतेच. माझ्या भावाचा जबडा ॲक्सिडेंटमध्ये फ्रॅक्चर झाला होता, डॉक्टरने पहिला प्रश्न हाच विचारला होता, तंबाखूने हाड उशिरा जुळतं म्हणे आणि जखमही चिघळते. सिगरेटही तसंच. मित्रांना दारातच सांगून ठेवा.

दंतकथा_रेसिडेंट:

मी ओरल सर्जरीचं शिक्षण घेतेय, तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्या सर्जनचा शब्द माझ्या वर.

आधी बधिरपणाचं. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते आणि हाड तिच्या आजूबाजूने कापावं लागतं, त्यात ती ताणली जाते. परत यायला काही आठवडे ते काही महिने लागतात, मुंग्या येणं, मध्येच टोचल्यासारखं होणं ही सुधारणेची लक्षणं. काही जणांना थोडासा बधिरपणा कायम राहतो, हे ऑपरेशनआधी सांगितलेलं असतं पण तेव्हा कोणाच्या लक्षात राहत नाही. यात एक गोष्ट घरचे विसरतात: त्याला ओठावर गरम कळत नाही. सूप द्यायच्या आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघा, भाजलेल्या ओठाचे पेशंट आम्ही पाहतो. शेकतानाही कोमटच.

वरच्या जबड्याच्या ऑपरेशनमध्ये सायनसची भिंत कापली जाते, म्हणून नाक शिंकरायचं नाही, निदान दोन-तीन आठवडे, आणि शिंक आलीच तर ओठ उघडे ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. सलाइनचे थेंब नाकात टाकायला सर्जनला विचारा, खूप फरक पडतो. काळपट थेंब म्हणजे साचलेलं जुनं रक्त, त्याला घाबरू नका. लालभडक रक्त वाहत राहिलं आणि थांबत नसेल, ताप आला, उतरलेली सूज एका बाजूने परत चढली, तोंडात पू किंवा घाण चव आली, किंवा दात एकदम वेगळेच बसायला लागले तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता फोन करा. श्वासाला त्रास झाला तर सरळ १०८.

दात: लहान मुलांचा मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर, फक्त बाहेरच्या बाजूने, मग कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या, म्हणजे पाणी घोळवून सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल तर सांगितलाय तेवढाच, जास्त दिवस वापरला की दात पिवळट-तपकिरी पडतात. पाण्याचा फवारा मारणारं मशीन इतक्यात नको. रबर स्वतःहून काढू नका, पण उलटीसारखं वाटलं तर कापायला छोटी कात्री उशाशी असू द्या, मान खाली करून एका बाजूला वळवायची. रबर कोणते आणि कसे कापायचे ते मात्र आजच फोन करून सर्जनकडून समजून घ्या. झोपताना उशा दोन-तीन. गोळ्या कुटून देत असाल तर आधी केमिस्टला दाखवा, काही गोळ्या कुटायच्या नसतात, बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं. आणि चावणं सर्जन म्हणेपर्यंत नाही, हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, 'मऊच आहे' म्हणून पोळीचा तुकडा कोणी देऊ नका, आज्ज्या देतात.

मूड: सूज कमी करायला दिलेलं स्टेरॉइड थांबतं, भूलीचा थकवा, अर्धपोटी राहणं, तुटक झोप, आणि नवा चेहरा, हे सगळं एकाच वेळी येतं, त्यामुळे उदास होणारे पुष्कळ असतात आणि खाणं वाढलं की बहुतेक जण सावरतात. पण आणखी दोन आठवड्यांनीही असंच राहिलं, किंवा 'जगून काय करू' अशा अर्थाचं काही लिहिलं, तर थांबू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतून बोलता येतं, तुम्हीही त्याच्या वतीने करू शकता.

काकू_नंदनवन:

बाप्पा, इतकं मोठं ऑपरेशन! पोरी, त्याले ज्वारीची आंबील दे. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजव, सकाळी उकळत्या पाण्यात ओत अन् ढवळत राह्य, गुठळी झाली की संपलं. मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड, थोडा लसूण वाटून टाक. थंड झाली की ताक घालून पातळ कर अन् दोनदा गाळ, चहाच्या गाळणीनं नाही, मलमलच्या फडक्यानं. सांबार, म्हंजे कोथिंबीर, टाकू नको, पानं तारात अडकतात. उन्हाळ्यात पोटाले थंड, अन् गोड नाही. पोट साफ होत नसन तं काळ्या मनुका रात्री भिजवून, वाटून, त्याच फडक्यानं गाळून दे, नुसत्या दुधावर पोट घट्ट होतेच.

अन् ते मावशी आली तं तिले सांग, डॉक्टरनं इन्फेक्शनसाठी कोणाले आत सोडू नका म्हटलं. खोटं बोलल्याचं पाप माह्यावर.

मोठीताई_मानेवाडा:

सगळ्यांचे खूप आभार, कोणाकोणाला उत्तर देऊ. रबराचं सर्जनला फोन करून विचारलं, त्यांनी व्हिडिओ कॉलवर कुठले कापायचे ते दाखवलं, कात्री आता उशाशी आहे. आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आई सूप फुंकून फुंकून द्यायची बस.

आंबील केली, पहिली जरा जाड झाली, पाणी घालून सारखी केली. बाटलीतून स्वतः प्यायला, दोन कप, आणि तिसऱ्यासाठी बाटली माझ्यापुढे धरली. टायटॅनियम_अमरावती, तुमची वाटी फेकल्याची गोष्ट त्याला वाचायला दिली तर नाकातून हसला, मग दुखलं म्हणून माझ्यावरच चिडला. तो तुम्हाला इथेच मेसेज करणार म्हणे, बधिरपणाबद्दल त्याचे खूप प्रश्न आहेत आणि ते मला विचारायचे नाहीत. कूलर आता खोलीच्या दाराकडे वळवून ठेवला आणि ओठांना व्हॅसलिन, तेवढं चालून राहिलं. खर्रा तो खात नाही, त्याचे मित्र खातात, त्यांची बंदी झाली. मावशींना काकूंचंच वाक्य ऐकवलं.

एकच राहिलं, ऑफिसला महिन्याऐवजी दीड महिन्याची सुट्टी मागावी का? तेव्हा बोलणं कितपत साफ होतं?

टायटॅनियम_अमरावती:

पाठव म्हणा मेसेज, बिनधास्त. मी महिन्याने गेलो होतो पण कॉम्प्युटरसमोरचं काम होतं. फोनवर बोलायचं काम असेल तर दीड महिना मागा, 'स' आणि 'फ' नीट यायला मला वेळ लागला. सर्टिफिकेट डॉक्टरांकडून आताच लिहून घ्या, नंतर मागायला गेलं की चार चकरा होतात.

गड्डीगोदाम_बॉय:

ती लांब तोटीची बाटली कुठे मिळाली ताई? भावाला दाढ काढायची आहे पुढच्या महिन्यात.

मोठीताई_मानेवाडा:

बर्डीवर, प्लॅस्टिकच्या डब्या-बाटल्यांची दुकानं आहेत तिथे. दोन घ्या, एक ताकाला आणि एक सूपला, लसणाचा वास जात नाही.