मदत हवी आहे : कार्बोरेटरच्या लिंकेजवरचा स्विच नेमका कुठे बसवायचा?

मंडळी, वडिलांची १९७० ची मर्सिडीज २२० आहे. दोन स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर, चार गिअरची ऑटोमॅटिक. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलला थांबता थांबता मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका देते. डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) टाकतानाही धप्पकन बसते. गिअरबॉक्सचं तेल इंजिन गरम आणि चालू ठेवून बघितलं, पातळी बरोबर आहे.

लिंकेजवरचा (पेडलपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या दांड्यांवरचा) स्विच पेडल सोडलं की सोलेनॉइडला करंट देतो, त्याने गिअरबॉक्समधला दाब उतरतो आणि हिसका बसत नाही. तो उघडला तर आतले कॉन्टॅक्ट पार कळकलेले, हिरवेगार. खारा वारा, दुसरं काय! पॉलिश पेपर मारला. आता पेडल सोडलं की मल्टिमीटर वाजतो, पण गिअरबॉक्सच्या बाजूच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) 'टक्' कधी येतो, कधी नाही. इंजिन थंड असताना तर मुळीच नाही. चोकमुळे थ्रॉटल किंचित उघडा राहतो, म्हणून असेल.

आधी आयडल (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) लावून, दोन्ही कार्बोरेटर जुळवून, मगच स्विच सरकवायचा ना? आमचा मेकॅनिक उलट सांगतो (आणि स्क्रू दिसला की पिळतो). दांडी पूर्ण मागे आल्यावर स्विच किती दाबला जायला हवा? पेडलखालचा किकडाउन (पेडल पूर्ण दाबलं की गिअर खाली पाडणारा स्विच) ठीक आहे, परशुराम घाटात गिअर बरोबर खाली पडतो. सुटा स्विच कुठे मिळत असेल तर तेही सांगा.