पगारातला फरक नेमका कुठे पडला? अभियंत्या आणि संशोधक बायकांनो, सांगा

रानजाई:
चाकणजवळच्या एका कारखान्यात डिझाइनला आहे, 11 वर्षं झाली. यंदा लीड झाले म्हणून अप्रेझलसाठी एचआरने अख्ख्या टीमची एक्सेल शीट पाठवली. सगळ्यांचे सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण पगार, पहिल्यांदाच एकाखाली एक दिसले. माझ्याच महिन्यात रुजू झालेला सहकारी माझ्या बराच वर. आमची रेटिंगं दर वर्षी जवळपास सारखी. मी त्याला सरळ विचारलं. बिचाऱ्याने जुनं ऑफर लेटर काढून दाखवलं: 4 लाख 80 हजार. माझं होतं 4 लाख 20 हजार. त्याने ऑफर आल्यावर फोन करून वाढवून मागितले होते. मला घरून सांगितलं होतं, "मिळतंय ते घे, कंपनीचं नाव मोठं आहे."

फरक 60 हजारांचा. दोघांना दर वर्षी 10 टक्के हाइक धरली, तर दहा वर्षांत तोच फरक वर्षाला दीड लाखाच्या पुढे जातो. वाटेत कुणीही काही वावगं न करता. पीएफ आणि ग्रॅच्युइटीही बेसिकवरच, म्हणजे तिथेही मार. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आकडा सांगायचा नसेल तर राहू द्या. पण फरक कुठे पडला ते सांगा.

वर्नियर:
माझा पडला शिफ्टमध्ये. फॅक्टरी ॲक्ट 1948 च्या कलम 66 प्रमाणे बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कारखान्यात कामाला लावता येत नसे. आमच्या प्लांटमध्ये मुली कायम जनरल शिफ्टला. सगळे म्हणायचे, बरं आहे की तुमचं. पण नाइट अलाउन्स गेला, ते एक. खरं नुकसान दुसरंच. लाइन बंद पडायची ती रात्री. दोन वाजता हात काळे करून ज्याने स्पिंडलचं बेअरिंग बदललं, त्याचं नाव प्लांट हेडला तोंडपाठ. सकाळी साडेआठला येऊन त्याच बेअरिंगच्या बिघाडाचं मूळ कारण मी शोधायचे, अहवाल लिहायचे. प्रमोशनच्या वेळी शेरा आला, "शॉपफ्लोअरचा अनुभव कमी."

कैरी:
सरकारी प्रयोगशाळेत आहे. इथे सातव्या वेतन आयोगाची लेव्हल, त्यामुळे एका पायरीवर स्त्री-पुरुष रुपयाचाही फरक नाही. फरक पडतो पायरी चढताना. मुलासाठी बालसंगोपन रजा घेतली. 730 दिवस मिळतात, पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे 80 टक्के पगारावर. रजेच्या काळात पेपर निघाला नाही, आणि प्रमोशनच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच. बरोबरीचे दोघे माझ्याआधी वरच्या लेव्हलला गेले.

घाटमाथा:
मी पुरुष आहे, आयटीत इंटरव्ह्यू घेतो. रानजाईताई, तुम्ही लिहिलंय ते आमच्याकडून कसं घडतं ते सांगतो. आम्ही शेवटची सॅलरी स्लिप मागायचो आणि तिच्यावर 30 टक्के वाढ द्यायचो. बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी राहून आलेल्या एका इंजिनिअरला मी तिच्या जुन्या पगारावर 30 टक्के दिले. त्याच कामासाठी मंजूर बजेट त्याहून खूप जास्त होतं. बजेट वाचवलं म्हणून माझं कौतुक झालं. याची मला आज लाज वाटते. कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी आहे. मी माझ्यापुरता विचारणं थांबवलंय. पदाचा बँड, म्हणजे त्या पदासाठी ठरलेली पगाराची मर्यादा, बघतो, त्यावर आकडा देतो.

श्टुटगार्टहून:
जर्मनीत 2017 च्या कायद्यानुसार 200 पेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी आपल्यासारखंच काम करणाऱ्या पुरुषांच्या पगाराचा मधला आकडा लेखी मागता येतो. मी मागितला. माझा पगार खाली निघाला. साहेबांनी वाद घातला नाही, कागदच समोर होता. आठ महिन्यांनी दुरुस्ती झाली, मागची थकबाकी मात्र नाही.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्नियर, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी एचआरला मेल केली. समान कामाला समान मोबदला हे 1976 च्या कायद्यात होतं, आता वेतन संहितेतही आहे, ते लिहिलं आणि दोघांच्या कामाचा तक्ता जोडला. अर्धी तफावत एप्रिलपासून भरून देतो म्हणालेत. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा जाणार आहे.

काल भाचीला पहिली ऑफर आली. "मावशी, लगेच हो म्हणू?" म्हणाली. तिला शेजारी बसवून फोन लावायला लावला. आवाज थरथरत होता तिचा, पण आकडा तिने स्वतःच्या तोंडाने सांगितला. सोमवारी कळवतो म्हणालेत.