रतनगड ते हरिश्चंद्रगड, फक्त दोघी: कात्राबाईच्या वाटेबद्दल सल्ला हवा

पायवाट
नमस्कार मंडळी. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघी चाळिशीला टेकलेल्या. डिसेंबरात रतनवाडी – रतनगड – कात्राबाई खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड – खिरेश्वर असा सलग ट्रेक करायचं मनात आहे. हाताशी तीन दिवस, दोन मुक्काम. कळसूबाई, राजगड-तोरणा, सांदण दरी झालीय, पण सगळं ग्रुपबरोबर. पुढच्याच्या टाचा बघत चालायचं आणि कोणीतरी थांबा म्हटलं की थांबायचं. या वेळी आपल्या चालीनं जायचंय, वाटेल तिथे बसायचंय. दहावीच्या सुट्टीत ठरवलेलं, ते अजून राहिलंय.

प्रश्न असे: तीन दिवस पुरतील का? पाणी कुठे कुठे मिळतं? मोबाइलमध्ये जीपीएक्स (नकाशावर वाट दाखवणारी फाइल) आहे, मग वाटाड्या लागेलच का? आणि दोघी बायकांनी मुक्काम कुठे करावा?

सह्यवेडा
तीन दिवसांत होतो, आम्ही केलाय. डिसेंबर उत्तम. जीपीएक्स असेल तर वाटाड्याची गरज नाही, वाट मळलेली आहे. शुभेच्छा!

घाटमाथा
वरच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी आणि माझा मित्र, दोघेच गेलो होतो. ऑक्टोबरचा शेवट, गवत अजून उभं. रतनगडावर गणेश दरवाज्याजवळच्या गुहेत राहिलो. पहाटे नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, बसून अलंग-मदन-कुलंग आणि मागे कळसूबाई उजळताना पाहिली. तिथं रमलो आणि निघायला दहा वाजले. पहिली चूक ती. शिड्या उतरून जंगलात आलं की फाटा लागतो, तिथून कात्राबाईची वाट धरायची. खिंडीपर्यंत झाडी दाट, सावली छान, वाट स्पष्ट. तिथवर जीपीएक्स बरोबर चालला.

घोळ झाला खिंडीच्या पलीकडे. उतरताना वाटेला चार-पाच ढोरवाटा फुटतात आणि खऱ्या वाटेपेक्षा त्याच जास्त मळलेल्या दिसतात. वर कातळकडा असला की मोबाइलवरचा ठिपका कधी कड्यावर, कधी दरीत. आम्ही डावीकडची धरली. अर्ध्या तासात डोक्याच्या वर कारवीची दाट झुडपं. कारवीत एकदा शिरलं की पाच पावलांपुढचं दिसत नाही, काठ्या सॅकमध्ये अडकतात, दर पावलाला ओढून घ्यायचं. तासभर असं झटापट करून बाहेर आलो तर समोर कडा, खाली सरळ दरी.

परत फिरलो. तेवढ्यात मित्राच्या उजव्या बुटाचा तळ सुटला, पुढून जिभेसारखा लोंबायला लागला. सुतळी नव्हती. सॅकचा जादाचा पट्टा कापून बुटाला दोन वेढे दिले. तो पट्टा दर दहा मिनिटांनी घसरायचा, तो वाकून घट्ट करायचा, एक शब्द बोलायचा नाही. दोघांत मिळून पाणी उरलं होतं अर्धी बाटली. साडेपाच वाजले होते. खरं सांगतो, त्या वेळी आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

वाचवलं गुरांनी. खालून घंटांचा आवाज आला. सकाळी गुरं कुठेही पांगतात, पण दिवस मावळताना घराकडेच जातात. आवाजाच्या रोखानं उतरलो तर एक पोरगा आठ-दहा गुरं घेऊन चालला होता. त्याच्यामागे टॉर्चच्या उजेडात सव्वासातला कुमशेत. ज्यांच्या ओसरीवर टेकलो त्या आजींनी काही विचारण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग नागलीची भाकर, लसणाचा ठेचा. मित्र पहिला घास हातात धरून बराच वेळ नुसता बसला होता.

सांगायचं ते इतकंच: चारजण असतील तर एकाला लागलं तरी एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात. दोघं असताना एकीचा पाय मुरगळला तर दुसरीनं तिला एकटं सोडून जायचं का? या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर हवं, आणि ते उत्तर म्हणजे वाटाड्या. रतनगडाला नको, हरिश्चंद्रगडाला नको. मधल्या टप्प्याला हवाच.

अकोलेकर
घाटमाथा यांनी लाखमोलाचं लिहिलंय. मी इथल्याच अकोले तालुक्यातला, त्यामुळे थोडी भर घालतो.

रतनवाडीला आदल्या संध्याकाळीच पोहोचा. अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघा, कोरीवकाम बघायला तास कमी पडतो. गावातच वाटाड्याचं बोला. रतनवाडीचा माणूस बहुधा कुमशेतपर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो. पाचनईपर्यंत कुमशेतचा दुसरा घ्यावा. पैसे आधी ठरवा, आणि त्याला परत चालत जायचं असतं तो दिवसही धरा. जेवण तुमच्याबरोबर. त्याच्या चालीनं तुम्ही धावू नका, त्याला तुमच्या चालीनं चालायला सांगा. तो चालतो.

कुमशेतपर्यंत गाडीरस्ता आहे. दुसऱ्या दिवशी एकीला जरी बरं नसेल तर तिथूनच जीपनं राजूर गाठा. तिथे न थांबता पुढे रेटलं तर पाचनई येईपर्यंत सुटायला सोपी जागा नाही.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ सालापासून. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, गडावर मुक्कामाला परवानगी आहे का ते त्याच वेळी विचारा. शेकोटी नको. आग्या मोहोळं बरीच आहेत, अत्तर-डिओ घरी ठेवा आणि कड्याखाली धूर-आरडाओरडा अजिबात नको.

कारवी_फुले
ताई, मी आणि माझी जाऊ गेलो होतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं सांगते. दोघींसाठी उघड्यावर तंबूपेक्षा घराची पडवी केव्हाही बरी. कुमशेत, पाचनई दोन्हीकडे घरी जेवणाची-झोपण्याची सोय होते. बायामाणसं असलेल्या घरी विचारा. आम्ही चुलीपाशीच झोपलो होतो, रात्री थंडी चांगलीच असते. पाळीची तारीख मोजून ठेवा किंवा नसली तरी सगळं बरोबर असू द्या, आणि वापरलेलं घट्ट पिशवीत बांधून परत आणा.

पाणी: रतनगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पण गाळून आणि औषध टाकूनच. खिंड ते कुमशेत डिसेंबरात ओढ्यांवर विसंबू नका. निघताना प्रत्येकी चार लिटर, जड झालं तरी. कुमशेत ते पाचनई चार-पाच तास, बराचसा उघडा माळ, ऊन लागतं. ओआरएसची पाकिटं जास्तच घ्या.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. घाटमाथा, तुमचा प्रतिसाद मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवला. "एकटं सोडून जायचं का" इथे आम्ही दोघी गप्प झालो. याचा विचारच केला नव्हता.

एक दिवस वाढवतोय. पहिला मुक्काम रतनगड, परवानगी नसेल तर रतनवाडी. दुसरा कुमशेत. तिसऱ्या दिवशी पाचनईहून दुपारी गडावर. चौथ्या दिवशी टोलार खिंडीनं खिरेश्वर. मधल्या टप्प्याला वाटाडे दोन्हीकडचे. हे ठीक आहे ना? आणि नळीच्या वाटेनं उतरावं का, असं मैत्रीण विचारतेय.

घाटमाथा
आता बरोबर बसलं. नळीची वाट या वेळी नको. चौथ्या दिवशी गुडघे थकलेले असतात, पाठीवर ओझं, आणि ती वाट म्हणजे कोकणकड्याच्या (हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेचा उभा कडा) बाजूची दगडधोंड्यांची उभी नाळ, म्हणजे अरुंद घळ. ती वेगळी, ताज्या पायांनी, जाणत्या माणसाबरोबर करा. टोलार खिंडीतून उतरा, खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खुबी फाट्याला या, माळशेजच्या रस्त्यावर कल्याणची एसटी मिळते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोकणकड्यावर जाल तेव्हा काठापासून लांब राहा, खाली बघायचंच तर पोटावर झोपूनच. वारा खालून वर येतो. आणि पहाटे पुन्हा जा, तेव्हा तिथे गर्दी नसते.

पायवाट
बुटांचं काय? माझे सहा वर्षं जुने आहेत, फारसे वापरलेले नाहीत.

घाटमाथा
तेच धोक्याचे. माझ्या मित्राचेही असेच कपाटात पडून राहिलेले होते. पडून राहिले की चिकटवण सुकते, वरून कळत नाही. आजच तळ हातानं ओढून बघा, किंचित जरी फट दिसली तरी मोच्याकडून कडेनं शिवून घ्या. नवे घेतलेत तर निघायच्या आधी महिनाभर रोज घालून चाला. आणि सुतळीचं बंडल सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.