दहावी नापासाचा आणि अभियंत्याचा परदेश एकच कसा?

अंत्रुजकर: सीमा ओलांडली की आशियाई माणसाचा घरचा वर्ग गळून पडतो आणि पुढे ज्याची मेहनत त्याचे फळ, असे मांडवीतीर यांनी काल येथे लिहिले, ते वाचून राहवले नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर आपलेच सरकार 'ईसीआर' (म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक) असे छापते आणि कुवेत, ओमान यांसारख्या १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला उत्प्रवास परवानगी मागायला लावते. अभियंत्याला ती लागत नाही. म्हणजे गोव्याच्या दाबोळी विमानतळावर पोहोचण्यापूर्वीच वर्ग कागदावर उमटलेला असतो. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार अमेरिकेतील उत्पन्नाची सर्वांत मोठी दरी आशियाई समाजातच आहे.

मांडवीतीर: अहवाल राहू द्या. माझ्या मेहुण्याने 'पोर्तुगीज' केले, म्हणजे पोर्तुगालचे नागरिकत्व आणि पासपोर्ट घेतला, ब्रिटनमधील स्विंडनच्या गोदामात रात्रपाळ्या केल्या आणि तेथे घर घेतले. त्याचे वडील शिपाई होते. आता बोला.

अंत्रुजकर: ते २०२० संपण्यापूर्वी, म्हणजे ब्रेक्झिटमुळे युरोपीय पासपोर्टवरचा मुक्त प्रवेश बंद होण्याआधी पोहोचले म्हणून हे घडले. आज त्याच पासपोर्टवर नव्याने जाणाऱ्याला ब्रिटनमध्ये कामासाठी व्हिसा लागतो आणि गोदामातील हमालीसाठी तो मिळत नाही.

सत्तरीची लेक: शिवाय 'पोर्तुगीज' करायलाही कागद लागतात, भाऊ. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत, येथे जन्मलेल्या आजोबांची नोंद दाखवल्याशिवाय लिस्बनला काही हलत नाही. आमच्या आजोबांचा जन्म दुसऱ्याच्या कुळागरातील (पोफळीच्या बागेतील) झोपडीत झाला. नोंद कोण करणार होते? एजंटाने मात्र आगाऊ घेतलेले पैसे परत केले नाहीत.

म्हादईकाठ: विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. ज्यांच्या आजोबांनी मुक्तीसाठी तुरुंगवास भोगला, त्यांचे नातू लिस्बनच्या दप्तरात नाव घालायला रांगा लावतात, याची लाज वाटते. भारतीय नागरिकत्व गमावून मिळवलेली भाकर गोड कशी लागते?

मांडवीतीर: तुरुंगात तुम्ही गेला होता काय? आपल्या चिरंजीवांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, तेव्हा आपणच फोंड्यात पेढे वाटले होते. मी खाल्ले आहेत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांचेही भारतीय नागरिकत्व गेलेच. मग आमचा मेहुणा तेवढा देशद्रोही कसा?

अंत्रुजकर: मांडवीतीर, आभारी आहे. पेढे कोणासाठी आणि शिव्या कोणासाठी, हे सांगून आपण माझाच मुद्दा मांडलात.

मांडवीतीर: घ्या, मिळवा श्रेय. वर्ग गळून पडत नाही, विमानातून सोबत जातो, असे लिहून देतो. परंतु आमच्या मेहुण्याने तो स्वतःच्या पाठीवर वाहिला, एवढे तुम्हीही लिहा.

सत्तरीची लेक: वाहायला तो आधी विमानात तरी चढला.

म्हादईकाठ: माझ्या मुलाची गोष्ट निराळी आहे. तो शिकून गेला.