व्हीएमवेअर फुकट झालं, तरी मुलांना व्हर्च्युअलबॉक्सच द्यावं का?

लॅबवाली_मॅडम:
मी पॉलिटेक्निकच्या मुलांना लिनक्स शिकवते. घरच्या लॅपटॉपवरचं विंडोज न उडवता उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) चालवायचं तर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या, असं मी इतकी वर्षं सांगत आले. आता मुलं विचारतात, व्हीएमवेअरचं तसंच सॉफ्टवेअर वर्कस्टेशन प्रो मोफत झालंय, मग ते का नको? बरोबर आहे. मे २०२४ मध्ये ते घरगुती वापरासाठी मोफत झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही. तरीही माझं मत बदललेलं नाही. व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीने कोडसकट सर्वांसाठी खुलं केलं. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं, २०१० मध्ये ओरॅकलकडे. मालक बदलत गेले, पण मूळ पॅकेजचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखालीच राहिला. उलट व्हीएमवेअर ब्रॉडकॉम कंपनीकडे गेल्यावर त्यांचं सर्व्हरवर व्हीएम चालवणारं मोफत ईएसएक्सआय २०२४ च्या सुरुवातीला बंद झालं आणि २०२५ मध्ये परत आलं. जे मालकाच्या मर्जीने मिळतं, ते त्याच्याच मर्जीने जातं. अशा गोष्टीवर मी अभ्यासक्रम का उभारू?

रात्रपाळी:
मॅडम, मला हे पटत नाही. कोड खुला आहे याचा दुसऱ्या वर्षाच्या पोराला काय उपयोग? त्याला पडदा न अडखळता चालायला हवा, आणि थ्रीडी ग्राफिक्समध्ये वर्कस्टेशन सरळ उजवं आहे. शिवाय व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक (जास्तीच्या सोयींची वेगळी जोडणी) कुठे जीपीएलमध्ये आहे? तो घरी आणि शिक्षणासाठी मोफत, ऑफिसात वापरला की परवाना विकत घ्यावा लागतो. शिकून नोकरीला लागलेला पोरगा सवयीने तोच पॅक कंपनीच्या मशीनवर टाकतो. हे त्याला कोण सांगणार?

लॅबवाली_मॅडम:
पॅकचा मुद्दा मान्य, वर्गात तो सांगायलाच हवा. पण यूएसबी २ आणि ३ साठी पूर्वी पॅक लागायचा. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून ते मूळ पॅकेजमध्येच आलं, त्यामुळे आमच्या मुलांना पॅक लागतच नाही.

कासवप्रेमी:
मंदपणाचं खापर व्हर्च्युअलबॉक्सवर फोडण्याआधी व्हीएमच्या खिडकीत खालच्या पट्टीकडे बघा. तिथे हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं स्वतःचं व्हीएम चालवणारं हायपर-व्ही आधीच जागं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हीएमसाठीची व्हीटी-एक्स सुविधा थेट मिळत नाहीये. मग त्याला हायपर-व्हीच्या मार्फत काम करावं लागतं. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू असली तरी हेच होतं.

रात्रपाळी:
म्हणजे पोरांनी सुरक्षा बंद करायची? त्याच लॅपटॉपवर घरचे लोक बँकेचे व्यवहार करतात. हा सल्ला मी तरी देणार नाही.

कासवप्रेमी:
बंद करा असं मी म्हटलेलं नाही. कारण कळलं की उगाच सॉफ्टवेअर बदलत बसावं लागत नाही, एवढंच. ज्याच्याकडे आधीच लिनक्स आहे त्याने दोन्ही सोडून व्हर्ट-मॅनेजर घ्यावं. ते ज्यावर व्हीएम चालवतं ते केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे.

लॅबवाली_मॅडम:
आमच्याकडे बहुतेकांचं विंडोज होमच असतं, त्यामुळे केव्हीएम इथे नाही चालणार. रात्रपाळी, सुरक्षेचं तुमचं बरोबर आहे, माझ्या नोट्समधलं ती बंद करण्याचं कलम मी काढते. लॅबमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच राहील, पण तयार व्हीएम ओव्हीए फाइल (अख्खं व्हीएम एकाच फाइलमध्ये) करून देईन. ज्याला वर्कस्टेशनमध्ये उघडायची त्याने तिथे उघडावी. फक्त पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून आणा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि अर्धं प्रॅक्टिकल त्यातच जातं.