'पासोकीकरण' : अर्थ आणि वापर

प्रश्न : युरोपच्या राजकारणावरील लेखांत 'पासोकीकरण' हा शब्द येतो. त्याचा नेमका अर्थ काय? मराठीत 'पानिपत' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : पासोक म्हणजे ग्रीसमधला समाजवादी पक्ष. त्याच्यासारखी प्रस्थापित डाव्या पक्षाची घसरण म्हणजे पासोकीकरण. नाव आद्याक्षरांचं, अर्थ 'सर्वग्रीक समाजवादी चळवळ'. लष्करी राजवट कोसळल्यावर १९७४ साली आंद्रेआस पापांद्रेऊ यांनी तो काढला. पहिल्या निवडणुकीत १३.६ टक्के मतं, १९७७ मध्ये २५, आणि १९८१ मध्ये 'बदल' ही एकच घोषणा देत ४८ टक्के. सरकारी आरोग्यसेवा, नोंदणी विवाह त्याच काळातले. पुढची जवळपास तीस वर्षं, हरला तरी पक्ष ३८ टक्क्यांच्या खाली गेला नाही.

२००९ मध्ये ४३.९ टक्के मिळवून तो सत्तेवर आला. सरकारी अर्थसंकल्पातली तूट आधी सांगितली होती त्याहून कितीतरी मोठी निघाली. २०१० मध्ये कर्जाच्या अटी म्हणून पगार आणि पेन्शन कापावी लागली. मे २०१२ मध्ये १३.२ टक्के, जानेवारी २०१५ मध्ये ४.७. मतदार नुसता घरी बसला नाही, त्यातला मोठा हिस्सा आणखी डावीकडच्या सिरिझा पक्षाकडे गेला. माझ्या मते शब्दाचा गाभा इथे आहे: ज्यांच्या जिवावर पक्ष उभा राहिला त्यांच्याच ताटातलं काढून घेतलं, आणि त्यांना जायला दुसरं घर तयार होतं.

प्रतिसाद : म्हणून 'पानिपत' नको. पानिपत एका निवडणुकीत होतं. १९७७ ला काँग्रेसचं झालं आणि १९८० ला ती परत सत्तेत आली. नेदरलँड्सच्या मजूर पक्षाला मात्र 'पासोकीकरण' शोभतं. काटकसरीच्या सरकारात बसून तो २०१७ मध्ये ३८ जागांवरून ९ वर आला.

प्रतिसाद : रचनेबद्दल एक सुचवतो. 'करण' म्हटलं की करणारा कुणीतरी बाहेरचा वाटतो. आपोआप घडतं त्याला आपण 'भवन' लावतो: द्रवीभवन, बाष्पीभवन. इथे 'पासोकीभवन' हवं का?

प्रतिसाद : नको. 'शहरीकरण', 'ध्रुवीकरण' यांत तरी करणारा कुठे दिसतो? शिवाय पासोकच्या बाबतीत निर्णय सरकारने घेतले होते. ते आपोआप घडलं म्हणणं मला पटत नाही. आणि हा शब्द 'नामशेष' या अर्थीही वापरू नये. पक्ष २०२३ मध्ये पुन्हा ११ टक्क्यांच्या वर गेला, आणि २०२४ च्या अखेरीस सिरिझाचे खासदार फुटल्यावर अथेन्सच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष झाला.